खिडकीजवळच्या मशीनची तक्रार

मानवजातीचं भविष्य यापुढे संगणकच ठरवणार, यावर जगातल्या विद्वानांचं एकमत आहे. विद्यापीठातल्या संगणकांचं भविष्य मात्र एका बैठकीत कुलसचिव ठरवणार होते, आणि त्यांना स्वतःची मेल उघडायलासुद्धा शिपाई लागायचा.

प्रश्न साधा होता. हल्ली ज्याच्या त्याच्या पाठीवर लॅपटॉप असतो, मग कॉम्प्युटर लॅब हवी कशाला? तिथे सोफे टाकावेत, कॉफीचं मशीन ठेवावं, म्हणजे विद्या आपोआप वाढेल. लॅब गेली की ती सांभाळणाऱ्या मॅडमची कंत्राटी नोकरीही जाणार होती. पण तो काही बैठकीचा विषय नव्हता.

मॅडम म्हणजे पंचविशीतली, चष्म्याआडून हसणारी पोरगी. एक संशोधक विद्यार्थी लॅबमध्ये पहिल्यांदा आला, तो लॅपटॉपची बॅटरी संपली म्हणून. खिडकीजवळच्या मशीनवर बसला, आणि नेमकं त्याचंच नेट गेलं. लॅबमध्ये तोंडी तक्रार चालत नसे. शेजारच्या मशीनवरून ती नोंदवायची, मगच मॅडम जागच्या उठणार. त्याने नोंदवली. ती येऊन टेबलाखाली वाकली, तोही मोबाईलचा उजेड धरून वाकला – आणि दोन डोकी एकमेकांवर आपटली.

"लागलं?"

"नाही... म्हणजे लागलं. पण चालेल."

वायर सैल झाली होती. तिने ती घट्ट बसवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सुटली. मग रोजच सुटू लागली. लॅपटॉप पूर्ण चार्ज होऊन बॅगेत, आणि बॅगेचा मालक टेबलाखाली!

"या वायरीला झालंय तरी काय?" ती एकदा म्हणाली.

"मन लागत नसेल तिचं एका जागी."

"की कुणी लागू देत नाही?"

त्याचे कान लाल झाले. ती केसांतली धूळ झटकत, हसू दाबत जागेवर गेली. घरी आई म्हणायची, "मशीनं सांभाळतेस तसा एखादा माणूस सांभाळ गं." सांभाळतेच आहे की, ती मनात म्हणायची – टेबलाखाली.

बैठक लॅबमध्येच झाली. कुलसचिवांनी चष्मा कपाळावर चढवला. "सगळ्या आवारात इथलीच मशीनं जास्त बंद पडतात. त्यातून हे खिडकीजवळचं... रोजची तक्रार! डबडी झालीत नुसती."

नेहमी येणारा म्हणून त्यालाही बोलावलं होतं. शेजारी त्याचे मार्गदर्शक बसले होते; प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

"काय हो, पडतात ना बंद?" कुलसचिवांनी त्याला विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मशीन चांगलं आहे, वायर मी काढतो – एवढं एक वाक्य पुरलं असतं.

त्याने मार्गदर्शकांकडे पाहिलं. मग छताकडे.

"पडतात... म्हणजे... अधूनमधून."

विषय मिटला. सोफ्यांच्या रंगावर मात्र चांगली खडाजंगी झाली.

शेवटच्या दिवशी ती मशीनं खोक्यांत भरत होती, तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"ती वायर... मीच काढायचो. तुम्ही यावं म्हणून. मला तुम्ही आवडता... फार."

"माहीत आहे. वायरी स्वतःहून सुटत नाहीत."

"मग बैठकीत तुम्ही तरी बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"तुमचा प्रबंध अडकला असता."

"आणि... मी बोललो असतो तर?"

"तर माझी लॅब राहिली असती." तिने खोक्याचं झाकण मिटलं. "कदाचित तुम्हीसुद्धा राहिला असता."

खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती.

"आता मी काही... काहीच करू शकत नाही का?"

तिने खोक्यावर चिकटपट्टी लावली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

"तेवढी ती वायर काढून द्या. तुमचा हात बसलाय."