चार वेळा गळलेला नळ

पहिल्याच भेटीत तो नखशिखांत भिजला. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची तोटी माझ्या हातात आली, कारंजं उडालं, आणि नेमका तेव्हाच आईने बोलावलेला प्लंबर दारात उभा… केसांतून पाणी निथळत म्हणाला, "कुठला नळ बिघडलाय, ते विचारत नाही."

मी हसले नाही. मी शिंपीण, टेबलावर गिऱ्हाइकाचा लग्नाचा झगा भिजत होता.

त्याने नळ बसवला. तीन दिवसांत पुन्हा थेंब! तो पुन्हा आला. नळ पुन्हा गळला. आईशी त्याच्या 'काकू, काकू' करत गप्पा, आणि नजर माझ्याकडे.

"सुई ओवताना तुम्ही जीभ बाहेर काढता."

"नळाकडे बघा!"

"बघतोय की… मधूनमधून."

चौथ्यांदा मात्र माझं डोकं फिरलं. रविवारी चर्चमध्ये हाच पुढच्या बाकावर! "तिथे 'आमेन' ठोकायचं आणि सोमवारी लोकांना गंडवायचं? लबाड कुठले! चालते व्हा!"

तो लाल झाला. पिशवी उचलून गेला.

आई म्हणाली, "नळ महिनाभर गळला. तुझं तोंड बारा महिने गळतं, त्याचं काय?"

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब म्हणाले, "कुणाचं मन दुखावलं असेल, तर आधी जाऊन समेट करा, मग मेजाजवळ या." हे ते दर वेळी सांगतात, आणि दर वेळी आम्ही चपलांकडे बघत पुढे सरकतो. त्या सरकण्याची मला चीड येते. आज मीच सरकत होते. त्याची जागा रिकामी होती…

भाकरीचं तबक समोर आलं. हात उचलेना.

"साहेब, पाच मिनिटं द्या."

"आत्ता?"

"तुम्हीच म्हणालात ना, आधी!"

सगळी मंडळी वळून बघू लागली. आईने गीतांच्या पुस्तकात तोंड लपवलं. मी धावत बाहेर पडले आणि पायरीवरच्या पान्यांच्या पिशवीला अडखळले. पिशवीशेजारी तो.

"आत का नाही आलात?"

"कुठल्या तोंडाने येऊ?"

"ऐका. मी तुम्हाला लबाड म्हटलं, ते—"

"खरं होतं."

"…काय?"

त्याने मूठ उघडली. आत रबराचा इवलासा वॉशर. "हा पहिल्याच दिवशी बसवायचा होता. दर वेळी खिशात घालून परत नेला. नाहीतर पुन्हा यायला निमित्त काय?"

माझ्या जिभेवर अर्धी माफी, अर्धी शिवी.

"हे पाप आहे!"

"म्हणून तर बाहेर बसलोय."

"सरळ सांगता येत नव्हतं?"

"तुमच्या हातात कात्री असते…"

आता मला हसू आलं. मेलं, आवरेचना. "बरं. मी ओरडले, त्याची माफी मागते. ओरडले बरोबरच, पण जरा जास्तच. आणि तुम्हाला…" मी दात-ओठ खाल्ले, "माफ केलं. बिनशर्त."

"म्हणजे नळ नीट करून टाकू? मग यायचं कशाला?"

"मला बघायला," मी म्हणाले. कान तापले. "उघड उघड."

आम्ही आत गेलो. पाळकसाहेब तबक धरून थांबलेच होते.

"झाला समेट?"

"झाला."

बाकावरून आई ओरडली, "आणि माझा नळ?"

"आज संध्याकाळी," तो म्हणाला, "…आई."

मग अख्खी मंडळी म्हणाली, "आमेन!" आणि त्या 'आमेन'चा मला अजिबात राग आला नाही.