जाऊबाईचा घरठसा

डॉ. सुनंदा डुंबरेनं बावीस वर्षं खपून डोंगरावर जंगल उभं केलं होतं, आणि बिबटे काही केल्या त्यात राहायला तयार नव्हते.

प्रयोगशाळेच्या पडद्यावर अकरा हिरवे ठिपके होते. परवाच या अकरा बिबट्यांना जंगलात सोडलं होतं. आज त्यातले नऊ खाली खोऱ्यातल्या उसात परत जाऊन बसले होते आणि उरलेले दोन वाटेत होते.

"नव्या नवरीनं तिसऱ्या दिवशी माहेर गाठावं, तसं चाललंय," सुनंदा म्हणाली.

"माहेरच आहे ते त्यांचं," डॉ. उपासनी म्हणाले. पुण्याहून आलेले हे मेंदूतज्ज्ञ बोलायला लागले, की समोर वर्ग भरलाय असंच बोलत. "बछड्याचे डोळे उघडले की पुढचे चाळीस दिवस त्याचा मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो. आई निवांत असताना भोवती जे जे असेल, ते 'घर' म्हणून उमटतं. हाच घरठसा. एकदा वाळला की जन्मभर पुसत नाही. गेली सत्तर वर्षं हे बिबटे उसात जन्मतायत. त्यांच्या लेखी तुमचं जंगल म्हणजे परका मुलूख."

"आणि ऊस तर महिनाभरात संपतोय, सर."

खरंच संपत होता. पावसाचं तंत्र बिघडलं, धरणं भरेनाशी झाली, शेवटी उसावर कायद्यानं बंदी आली. चाळीस एकरांचा शेवटचा फड तेवढा उभा होता. माणसानं आधी जंगल तोडून ऊस लावला, ते बिबट्यानं मुकाट्यानं पत्करलं. आता माणूस ऊसही काढून घेणार होता. बिबटे जंगलात टिकले नाहीत तर त्यांना जन्मभर पिंजऱ्यात ठेवायचं, असा हुकूम येऊन पडला होता. त्या पिंजऱ्यांच्या विचारानं सुनंदाला चार दिवस घास गोड लागला नव्हता.

मग दोघांनी जंगलातच उसाचा आभास उभा केला. झाडांवर रसाच्या वासाचे फवारे मारले, पाटाचं पाणी खेळवलं, फडात ध्वनिमुद्रित केलेली पाचटाची सळसळ कर्ण्यांतून सोडली. बिबट्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात ठसामापक होता. त्याला किती घरच्यासारखं वाटतंय, हे तो शंभरपैकी आकड्यात सांगे. जंगलात आकडा बारा यायचा, तो एवढा खटाटोप करून तीसवर गेला. पुन्हा आणून सोडलेले बिबटे दोन दिवस जास्त थांबले आणि निघून गेले.

"काहीतरी राहतंय," उपासनी म्हणाले. "चला, फडातच जाऊन मोजू."

फडात गयाबाईची टोळी होती. बीडकडची ही साठीची बाई चाळीस वर्षं ऊसतोडीला येत होती. त्या दिवशी नेमकी दोन बछडी सापडली होती, त्यामुळे त्या कोपऱ्यातली तोड थांबली होती. ही इथली जुनी रीत. पिल्लं हळूच उचलून क्रेटमध्ये ठेवायची, क्रेट पिल्लं सापडली त्याच जागी राहू द्यायचं आणि बाकीच्या फडात कामाला लागायचं. संध्याकाळी आई येऊन पिल्लं नेते.

"जाऊबाई हितंच हाय बरं का," गयाबाई कोयता पुसत म्हणाली. "त्या उभ्या उसात. तीस पावलांवर."

"जाऊबाई कोण?" उपासनींनी विचारलं.

"बिबटीन ओ, सायेब. एका फडात नांदतो आमी. मी चार लेकरं हितंच वाढिवली, तिनंबी वाढिवली. भांडण न्हाई कधी. सख्ख्या जावांत कुटं आसतंय आसं?"

सुनंदानं जाऊबाईच्या पट्ट्याचा आकडा पाहिला. पिल्लं दुसऱ्याच्या हातात, चहूकडे खटाखट कोयते, हाका, हसणं. आकडा कोसळायला हवा होता. तो होता शहाण्णव.

"यंत्र बिघडलंय," उपासनी म्हणाले.

तेवढ्यात टोळी जेवायला म्हणून लांबच्या कोप्यांकडे, आपल्या पाचटाच्या झोपड्यांकडे गेली. फड शांत झाला. ऊस तोच होता, पाणी तेच, पिल्लंही तिथंच. आकडा घसरत घसरत चाळीसवर आला. जेवणं उरकून माणसं परतली, गयाबाई खाकरली, आणि आकडा पुन्हा नव्वदच्या वर गेला.

सुनंदा आकड्यावरून नजर काढून कोयत्यांकडं पाहू लागली.

"सर," सुनंदा म्हणाली, "फडाचं ध्वनिमुद्रण मी स्वतः साफ केलं होतं. माणसांचे आवाज गोंगाट म्हणून गाळून टाकले."

"मीही तेच केलं असतं," उपासनी सावकाश म्हणाले. "घर म्हणून उमटलेल्या गोष्टी आपण एकेक मोजल्या. स्वतःला तेवढं मोजलं नाही. त्या चाळीस दिवसांत प्रत्येक बछड्याच्या कानावर हीच माणसं होती, अंगावर यांचेच हात. या बिबट्यांचं घर ऊस नाही हो. ऊस नुसता आडोसा आहे."

बिबट्यांना पुन्हा जंगलात आणून न गाळलेलं मुद्रण लावून पाहिलं. बिबटे पाच दिवस कर्ण्यांभोवती बसले, मग कंटाळून उठले. कर्ण्याला माणसाचा वास नव्हता.

जंगलात एकाही माणसानं राहायचं नाही, हा नियम सुनंदानंच भांडून करून घेतला होता, आणि बावीस वर्षांत त्याचाच तिला सगळ्यात जास्त अभिमान होता. तिसऱ्या दिवशी तिनं तो मोडायची परवानगी आणली आणि कोप्यांवर गेली.

"मावशी, तुमची टोळी डोंगरावर राहायला येईल? रोपवाटिका सांभाळायची, गवत कापायचं. बिबट्यांपासून अंतर राखायचं, इथं राखता तसंच."

"किती दिस?"

"कायमचं."

गयाबाई हसली नाही. "ताई, चाळीस वर्सं हिंडतीय. ऊस सरला की समदे एकच म्हनत्यात, निघा. गावाकडं पानी न्हाई, हितं घर न्हाई. उद्या तुमच्या जंगलातला सायेबबी म्हनंल, निघा."

सुनंदानं उभ्या उसाकडं बोट दाखवलं. "तुम्ही निघालात, तर जाऊबाईही तुमच्यामागं निघेल, मावशी. तिच्यामागं बाकीचे. मग जंगल रिकामं होईल आणि साहेबाची नोकरी जाईल. तुम्हाला निघा म्हणणं आता कुणाला परवडणार नाही."

गयाबाई खाली बसली. पदरानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि उभ्या उसाकडं पाहत राहिली.

"आगं जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "तुज्यामुळं घर झालं की गं मला."