स्वर्गातला बाप

“आधी तुज्या बापाला ह्या घरातनं घालव, मग पोरीला हात लाव.”

रंगुबाईनं दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं होतं. तिच्या मागं नात अंजना फुटलेला गुडघा धरून रडत होती. पोर अंगणात आपटली तशी गोठ्यातून हरणाबाई धावत आली आणि तिला उचलायला तिनं हात पुढं केला, एवढाच तिचा गुन्हा! पोटच्या पोरीसाठी आई धावली तर त्यात गुन्हा कसला, हे त्या घरात विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

“त्याला कसं घालवू, आत्याबाई?” हरणाबाई सासूला खालच्या आवाजात म्हणाली. “त्याच्याच जिवावर जगतीया मी.”

रंगुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नातीला आत ओढलं आणि धाडकन दार लावून घेतलं.

हरणाबाई गोठ्यात परतली आणि गव्हाणीला टेकून बसली... काही वर्षांमागं तिला क्षयानं धरलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, नाथाजीनं, तिला मिरजेच्या मिशन दवाखान्यात ठेवलं होतं. महिनेच्या महिने ती तिथं खाटेवर पडून होती. आई लहानपणीच गेलेली, बाप लग्नाच्या वर्षीच वारला. माहेरचं भेटायला येणार कोण? त्या एकाकी दिवसांत तिला येशू भेटला, आणि माणदेशातल्या आपल्या गावी ती परतली ती बाप्तिस्मा घेऊनच. नाथाजीनं कपाळाला आठी घातली नाही. “जगलीस, लय झालं,” एवढंच तो म्हणाला. पण पुढल्या उन्हाळ्यात विहिरीच्या कामावर सुरुंग अवेळी उडाला आणि रंगुबाईचा एकुलता एक लेक गेला. त्या दिवसापासून हरणाबाईचं अंथरूण गोठ्यात आलं आणि चिमुरडी अंजना आजीच्या पदराखाली गेली. पोरीनं आईच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असा आजीचा दंडक होता. ती तुझी आई नव्हेच, असं तिनं पोरीला सांगून टाकलं होतं; तेव्हा आईला ‘बाई’ म्हणायचं, ‘तुमी’ म्हणायचं, आणि जे बोलायचं ते लांबूनच.

त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. हरणाबाई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. रापलेल्या, सोललेल्या हातांनी ती मजुरीत मिळालेला मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, ओट्यावर आणून ठेवायची, आणि रंगुबाई त्यातलीच भाकरी करून तिच्या पुढ्यात वरून टाकायची. कामावर निघण्याआधी हरणाबाई रोज गोठ्यात गुडघे टेकायची. तिला वाचता येत नव्हतं. दवाखान्यात ऐकलेली ‘स्वर्गातल्या बापा’ ही हाक तेवढी तिला पाठ होती. पुढं मनात येईल ते ती आपल्याच बोलीत, मोकळ्या आवाजात मागायची. भिंतीपलीकडं रंगुबाई तेव्हा नातीला पोटाशी घट्ट धरून बसलेली असायची, हे तिला कधी कळलं नाही.

साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे प्रचारक शांतवन मास्तर एकदा सायकल मारत आले. म्हणाले, “मिरजेच्या दवाखान्यात आयाची जागा आहे, बाई. पोरीसाठी कोर्टात जाऊ. कायदा आईच्या बाजूनं आहे.”

“त्या म्हातारीचा लेक गेलाय, मास्तर. नात बी नेली तर तिनं कुनाच्या तोंडाकडं बघून जगायचं?”

“आणि तुम्ही?”

“मला बाप हाय की.”

बोलायला ती बोलली, पण त्यानंतर पोरीला गोवर निघाला, आणि बंद दाराबाहेर ओट्यावर बसून तिचं कण्हणं ऐकताना हरणाबाईचा धीर पार खचला. ‘सोडलं येशूला,’ एवढं म्हटलं की दार उघडणार होतं! शब्द अगदी ओठांवर आला... पण ज्यानं मरणाच्या खाटेवर हात धरला, त्याचा हात सोडून लेकीचा धरायचा कसा? तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती हुंदके गिळत राहिली. अंजना त्यातून वाचली. दार मात्र उघडलं नाही.

मग एके दिवशी रंगुबाईच्याच अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. शेजारपाजार दोन दिवस आला आणि आपापल्या पोटामागं गेला. अखेर हरणाबाई कुणाला न विचारता उंबरा ओलांडून आत गेली. सासूचं हगणंमुतणं तिनं काढलं, तिला पुसून कोरडं केलं, पेज भरवली. रंगुबाई भेदरल्या डोळ्यांनी तिच्याकडं बघायची आणि अंजनाला खुणेनं लांब बसवायची.

एका दुपारी सासूचा लुळा हात तेलानं चोळता चोळता हरणाबाईनं तिथंच डोळे मिटले. “स्वर्गातल्या बापा, आत्याबाईंच्या हाताला बळ दे. पोरीला त्यांच्याबिगर कोन न्हाई.”

“हरणे...” रंगुबाई चाचरत म्हणाली, “तुजा बाप माज्यासाटी कशापायी राबंल? उपाशी उठवला हुता आमी त्याला.”

“कुठला बाप, आत्याबाई?”

“तुजा. लग्नात मानपानावरनं पंगतीतनं उठला, ह्या घराचं वाटुळं हुईल म्हनला, आन वरीस सरायच्या आत मेला. तू रोज त्यालाच बोलवतीस न्हवं? त्यानंच माजा नाथा नेला. पोरीला बी नेईल म्हून मी तिला तुज्यापासनं लपवली.”

हरणाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली... स्वर्गातला बाप! गावात मेलेल्या माणसालाच स्वर्गातलं म्हणतात.

“आत्याबाई, त्यो माजा बाप न्हवं. देव हाय त्यो. येसूनं शिकवलंय, देवालाच बाप म्हना. त्यो समद्यांचा बाप. तुमचा बी.”

रंगुबाईच्या वाकड्या झालेल्या तोंडातून रडणं फुटलं. “आन मी तुजी पोर तोडली गं...”

हरणाबाई उठून परसात गेली. तिच्या काळजात संतापाचा डोंब उसळला होता. एका शब्दापायी! लेकीचे दात पडले, नवे आले, तिच्या केसांत तेल दुसऱ्याच हातानं घातलं... ते दिवस आता कोण परत देणार? ती देवावरही रागावली. तुझंच नाव घेतलं ना मी, मग तूच का असा आड आलास? थोड्या वेळानं तिच्या मनात आलं, आत्याबाई बापाला घालव म्हणायच्या तेव्हा मीच त्यांना ‘कुठला बाप’ असं कधी का विचारलं नाही? त्या देवालाच घालवायला सांगतात, असं मीही धरूनच चालले होते. आत म्हातारी अजून रडत होती, आणि तिचे डोळे पुसायला दुसरं कुणी नव्हतं. हरणाबाई आत गेली आणि तिनं सासूचं डोकं मांडीवर घेतलं.

“अंजे,” रंगुबाई नातीला म्हणाली, “हिकडं ये. ही बाई न्हवं. तुजी आय हाय ती. मी खोटं सांगितलं तुला.”

पोर खांबाआड सरकली. इतक्या वर्षांची भीती एका वाक्यानं कशी जाणार? रंगुबाई रोज सांगत राहिली, रोज नातीला हरणाबाईकडं ढकलत राहिली. पोर तिच्या हातचं जेवू लागली, पण हाक मारीना. आणि एका सकाळी रंगुबाईनं सुनेच्या मांडीवरच डोळे मिटले.

माणसं स्मशानातून परतून पांगली. घरात दोघीच उरल्या. रडून रडून डोळे सुजलेली अंजना खांबापासून हलली, हरणाबाईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं तिच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरला.

“आय,” ती म्हणाली, “तुमी बी जानार का आता?”

हरणाबाईला हुंदका आवरेना. आमच्या मुलखात आईला कुणी ‘तुमी’ म्हणत नाही.

“न्हाई गं माजे बाय,” तिनं लेकीला पोटाशी ओढलं, “मी कुटं बी जात न्हाई.” आणि तिला तसंच कडेवर घेऊन ती चूल पेटवायला उठली.