ताटावरचं नाव

माझ्या सुनेची खोड एकच. मोठ्यांपुढे मान डोलवायची, मग आत काही का जळत असेना. त्या दिवशीही तिने तेच केलं.

घडलं ते खरं आहे. ज्याला थट्टा सुचेल त्याने पुढे वाचू नये.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेचा दुसरा दिवस. भर दुपार. आणंदजवळच्या एका शाळेच्या कन्या छात्रालयात, मुलींच्या वसतिगृहात, दिवाळीची सुट्टी. मुली घरी गेलेल्या. फाटकावर एकटा राखणदार करसनकाका.

माझी सून बिजल तिथली समुपदेशक. मुलींचं मन ऐकून त्यांना सल्ला देणारं एक सॉफ्टवेअर शाळेला घ्यायचं होतं. बिजलने ते तपासायचं, संध्याकाळपर्यंत शेरा पाठवायचा. तिने 'उत्तम' लिहिलं की पुढे दोनशे मुलींनी आपलं दुखणं त्या कम्प्युटरपुढेच मांडायचं.

तपासायला एक खोटी मुलगी हवी. खऱ्या मुलीचं नाव घालायचं नाही, असा नियम.

बिजल जेवणघरातल्या एका बेवारस ताटात खिचडी-कढी खात होती. ताटावर कोरलेलं नाव तिने उचललं आणि कम्प्युटरमध्ये टाकलं.

तरलिका. खोली ९.

कम्प्युटरने विचारलं, 'तरलिका, तुला कोणाशी बोलावंसं वाटतं?'

बिजल ताट विसळायला गेली. परत आली तर उत्तर लिहिलेलं...

'कुणाला हाक मारू? दार बाहेरून लावलंय.'

ती खिडकीतून ओरडली, "करसनकाका, ही कसली थट्टा?"

"मला सही येत नाही, बेन. अंगठा उठवतो मी. कम्प्युटर कुठला चालवू?"

पडद्यावर कम्प्युटरचा सल्ला उमटला. 'एकटं वाटणं साहजिक आहे. दीर्घ श्वास घे.'

बिजलचे दोन्ही हात मांडीवर होते.

समोरची बटणं खाली जाऊ लागली... एकेक करून.

'श्वास घेता येत नाही.'

'शाब्बास, तरलिका! आजचा धडा पूर्ण झाला.' आणि खाली पाच तारे.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर पलंग सरकला...

बिजल काकाला घेऊन वर गेली. नवव्या खोलीचं दार सताड उघडं. आत कुणी नाही.

दाराला बाहेरून कडीच नव्हती.

चार भोकं होती फक्त... रंगाने बुजवलेली.

खाली येते तोच मोटाबेनचा फोन. शाळा त्याच चालवतात. "बिजलबेन, शेरा कुठे अडकलाय?"

बिजलने 'उत्तम' लिहिलं, पाठवलं आणि घरी धूम ठोकली.

तिच्याकडून सगळं ऐकून मी स्वतः मोटाबेनना फोन लावला. तरलिकाचं नाव घेतलं.

त्यांनी तिथेच फोन कापला.

अजूनही शेजारी कुणी बाहेरून कडी घातली की मी उठून आत कुणी नाही ना ते बघून येते.

बिजल माझ्या मांडीत तोंड खुपसून रडत होती. "बा, मी काय करायला हवं होतं?" मला, सासूला, ती आईसारखं 'बा' म्हणते.

मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"मेलेलीला भिऊन पळालीस, ते चालेल. पण जिवंत दोनशे पोरी तू त्या कम्प्युटरच्या हवाली करून आलीस. ऊठ, चपला घाल. शेरा बदलल्याशिवाय या घरात तुला रोटला नाही."