गणित काय विचारून राहिलं?

शाळेत एकही पोर आलं नाही म्हणून मास्तर पोरं शोधायला निघाले, आणि थेट खुशालरावांच्या वावरात जाऊन उभे राहिले. सगळी शाळा तिथंच होती, आपापल्या आयांच्या मागं कापूस वेचत. त्या सालात कुठं दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. अशा दिवसांत पाटी कोण हाती धरतो?

मास्तर हट्टी. बांधावर उभं राहूनच त्यांनी गणित घातलं.

"नत्थू, एक बाई दिवसभरात दहा शेर कापूस वेचते. तर दोन बाया किती वेचतील?"

"आठ शेर जी."

"आठ? कसे रे?"

"दोघी जमल्या का गोठी करत बसतात ना."

सगळं वावर हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसली ती मनकर्णा. आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं, की मास्तर तिच्याकडंच पाहताहेत... तिनं चटकन पदर तोंडाशी धरला.

मनकर्णा खुशालरावांची लेक. नवरा पटकीनं गेला आणि ती विशीच्या आत माहेरी परत आली. बापानं काही कमी केलं नाही, पण विधवेनं असं मोकळं हसायचं नसतं, हे गावानं तिला न सांगता शिकवलं होतं.

"हसता काय, बाई," मास्तर म्हणाले. पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. "माघात अमरावतीहून डिपुटीसाहेब परीक्षेला येतील. या पोट्ट्यांना तिसापर्यंत पाढे येतात. पण तोच हिशेब गोष्टीत घालून विचारला की गेले भरकटत. नापास झाले तर शाळा चांदूरला हलवणार, आणि शाळेसंगं मी."

मास्तरांचं नाव पंजाबराव. अकोल्याकडच्या कुणब्याचा पोर, शिकून मास्तर झालेला. अंगानं काटकुळा, आणि पागोटं सदा एका कानावर घसरलेलं. ते सरळ करावं असं मनकर्णाला पहिल्याच दिवशी वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल ती स्वतःवरच रागावली.

"लेकरं चुकत नाहीत, मास्तर," ती हळूच म्हणाली. "तुमी बाई म्हटलं का त्याइले मी दिसते, नाई तं पार्बताबाई दिसते. मंग आमी कशा वेचतो, थेच सांगतात."

"मग तुम्हीच सांगा... मी काय करू?"

मनकर्णा बघतच राहिली. तिला कोणी काही विचारून किती दिवस झाले होते! काय नेसायचं, कुठं बसायचं, कोणाच्या समोरून जायचं नाही, हे सगळेजण तिला नुसतं सांगत आले होते. आणि हा परका माणूस, चार बायांसमोर, तिलाच विचारत होता. तिच्या हातातली बोंडं तशीच राहिली.

त्या दिवसापासून दुपारच्या भाकरीनंतर बाभळीखाली शाळा भरू लागली. मनकर्णानं एकच नेम घालून दिला: गणित ऐकलं की उत्तर द्यायचं नाही. आधी उभं राहून सांगायचं, गोष्टीत कोण आहे, आपल्याला काय ठाऊक आहे, आणि गणित काय विचारून राहिलं. ठाऊक नसलं तर लाजायचं नाही, विचारून घ्यायचं. पोरं बोंडं मांडून गाड्या करत, गाडीवान होत, भांडतसुद्धा. मग हिशेब मास्तरांचा. तो मात्र मनकर्णाला येत नव्हता. ती पोरांच्या मागं बसून शिकायची.

"सात साते?"

"एकोणपन्नास."

"आठ साते?"

"तुमी माह्याकडं पाहू नका, मंग सांगते."

"मग कुठं पाहू?"

"बाभळीकडं पाहा."

मास्तरांनी इमानदारीनं बाभळीकडं पाहिलं.

"छप्पन."

"बाभळीनं सांगितलं वाटतं?"

"बाभूळ मले पाहून हसत नाई ना..."

पलीकडून पार्बताबाई म्हणाली, "काहो मास्तर, पोट्ट्याइले शिकवून राहिले का आमच्या मनीले?" मास्तरांचं पागोटं पार कानाखाली आलं.

माघात डिपुटीसाहेब आले. चावडीत परीक्षा, आणि दाराबाहेर बायांची दाटी. मनकर्णा भिंतीला टेकून उभी होती. तिला पुरतं कळत होतं, आज पोरं अडखळली तर उद्यापासून तिला कोणी काही विचारणार नाही.

"एका गाडीला इथून अमरावतीला पोचायला एक दिवस लागतो," साहेबांनी विचारलं. "तर पाच गाड्यांना किती दिवस?"

नत्थू उभा राहिला. बोटांवर गाड्या मोजू लागला. मनकर्णानं डोळे मिटून घेतले.

"साहेब... गाड्या संगं निघाल्या, का एक परत आल्यावर दुसरी?"

साहेब थबकले, मग हसले. "संगं निघाल्या."

"मंग एकच दिवस जी."

शाळा राहिली. गावानं गूळ वाटला. पण वेचणी सरली होती, पोरं परत चावडीतल्या शाळेत बसू लागली, आणि बाभळीखाली जायला मनकर्णाला काही निमित्त उरलं नाही. घरात तिचं लक्ष लागेना.

एके दिवशी संध्याकाळी मास्तरच अंगणात आले. मागं सगळी पोरं. खुशालराव ओसरीवर चिलीम ओढत होते.

"बाई, शाळा राहिली ती तुमच्यामुळं. उपकार मानायला आलो."

"उपकार तं तुमचे," मनकर्णा दाराआडून म्हणाली. "तुमी मले इचारलं. मी माणूस हावो, हे मले पुन्हा आठोलं."

मास्तर घुटमळले. मग पोरांकडं वळले.

"एक गणित घालतो. एका मास्तराला तीन भाकरी लागतात. त्याच्या घरी एक बाई आली, तिला दोन लागतात. तर... रोज किती भाकरी कराव्या लागतील?"

भावाच्या मागं मागं शाळेत येऊन बसणारी छोटी शकुन उभी राहिली. "थांबा जी. बाई पावनी आली, का राहाले आली? थे आधी सांगा."



"ते गणितात नाही, शकुन," मास्तर म्हणाले. "ते बाईंनाच विचारावं लागेल."

खुशालरावांनी चिलीम खाली ठेवली. "आपल्या कुणब्यात विधवेचा पाट लागते, दुसरं लग्न होते, मास्तर. पण गडी बिनलग्नाचा असला, तं त्याले आधी रुईच्या झाडाशी लग्न लावावं लागते. ठाऊक हाय ना?"

"रुई पाहून ठेवली जी. नाल्याकाठी आहे."

म्हातारा हसला. डोळे पुसत हसला. "मंग मले काहून इचारता? तिले इचारा."

पहिल्या लग्नाच्या वेळी मनकर्णा नऊ वर्षांची होती. तेव्हा तिला कोणी उठवून उभं केलं होतं एवढंच तिला आठवत होतं. ती दाराबाहेर आली. मास्तरांचं पागोटं पुन्हा घसरलं होतं, आणि आज तिनं नजर वळवली नाही.

"राहाले आली, शकुन," ती म्हणाली. "कर आता हिशेब."