तिसरा सायलेन्सर

गाडी लहानशीच होती. दोघांपुरती, छत मागे घडी करून ठेवता येणारी, आणि वजनाला इतकी हलकी की वळणावर जणू रस्त्यावर पाय न टेकताच पळायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ती मोठ्या हौसेने घेतली होती. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि संध्याकाळी तळ्याकाठच्या रस्त्याने मान ताठ करून घरी यायचं, एवढीच तिची चैन.

खोट एकच होती. आधीच्या मालकाने गाडीला कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावला होता. घराखालच्या गॅरेजात गाडी शिरली की वर सासूबाईंच्या खोलीची तावदानं थरथरायची, आणि सासूबाई तर हृदयाचं ऑपरेशन होऊन नुकत्याच घरी आलेल्या. त्या तक्रार करत नसत, टोमणा मारत.

"सूनबाई, तू आलीस ते मला कळतं गं. पलीकडच्या गल्लीलाही कळतं."

म्हणून ती सायलेन्सरवाल्याकडे गेली. त्याने पहिला दाखवला तो कंपनीचा. आवाज नाही, पण आतल्या पडद्यांत धूर अडायचा. "हा लावलात तर चढावर नाक दाबल्यासारखी रडेल," तो म्हणाला. दुसरा मोकळा होता, पण मध्यम वेगाला आतल्या आत घुमायचा. तासाभरात डोकं उठलं असतं.

तिसरा त्याने जरा नाखुशीनेच काढला. त्यावर ना कुणाचं नाव होतं, ना नंबर. सरळ नळी, तिला बारीक भोकं आणि भोवती लोकरीसारखं भरण. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका.

"धूर सरळ बाहेर जातो. आवाज भरणात जिरतो."

"जिरतो म्हणजे जातो कुठे?"

"बाई, तुम्ही दात काढता तेव्हा दुखणं कुठे जातं?"

दोघंही हसली. तिने तिसरा लावून घेतला.

गाडी लोण्यासारखी पळाली. चढावर धाप नाही, घुमणं नाही, कुरकुर नाही. छत उघडं ठेवलं तर तळ्यावरच्या पाखरांची कलकल ऐकू यायची. त्या संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता वर आलीस होय? गाडी तर मघाशीच आली. काय धडधडली!"

"आई, सायलेन्सर बदललाय. गाडीचा आवाजच नाही आता."

"माझं हृदय शिवलंय गं, कान नाही."

डुलकीत भास झाला असेल, असं म्हणून तिने विषय सोडला. पण दोन-चार दिवसांनी नवरा म्हणाला, "आज लवकर आलीस ना? मग इतका वेळ खाली काय करत होतीस?" त्याने गाडी ऐकली होती. गॅरेजचं शटर ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने जिन्यावरची पावलंही ऐकली.

इकडे गाडीत वेगळंच सुरू झालं होतं. आधी वळणाच्या दिव्याची टिकटिक ऐकू येईना. मग हॉर्न. गाडी चालवताना तिला गुणगुणायची सवय होती. एकदा तिच्या लक्षात आलं की ओठ हलताहेत, घसा थरथरतोय, आणि कानावर काहीच पडत नाही. बाहेरचं मात्र सगळं लख्ख ऐकू येत होतं. तिने तडक कानाच्या डॉक्टरांना गाठलं. कान ठणठणीत निघाले.

एका सकाळी सासूबाई फार खुशीत होत्या. "काल किती दिवसांनी निवांत बसलीस माझ्यापाशी! बरं वाटलं बघ."

काल संध्याकाळभर ती दवाखान्यात एका पेशंटची अक्कलदाढ काढत होती.

तिने पेशंटना उद्या या म्हणून सांगितलं आणि गाडी थेट सायलेन्सरवाल्याकडे नेली. तिला पाहताच तो लगबगीने पुढे आला आणि त्याने दोन्ही हात कानांवर ठेवले.

"बंद करा बाई आधी! काय गाजतेय!"

तिने इंजिन बंद केलं. चालू असताना तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

"तो सायलेन्सर काढा," खाली उतरून ती म्हणाली. "जुना परत लावा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "जुना काल तुम्हीच येऊन परत लावून घेतलात ना? तो काय तुमचा तिसरा." त्याने फळीकडे बोट दाखवलं. ती हलकी नळी तिथे आडवी ठेवलेली होती. मग तो गाडीखाली वाकला, हात घालून चाचपलं, आणि उठून म्हणाला, "जुनाच आहे की. बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

ती घरी निघाली. छत वर ओढलेलं होतं, काचा बंद होत्या. एकच विचार मनात होता: गाडी ठेवायची, किल्ली फेकून द्यायची, परत तिच्यात बसायचं म्हणून नाही.

गॅरेजात दुपारचं ऊन अर्ध्या फरशीपर्यंत आलं होतं. तिने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि दाराची कडी ओढली.

कडी आली. दार आलं नाही.

दुसरं दारही तसंच. काचा उतरेनात. छताची खिटी जागची हलेना.

तिने हाक मारली. मग ओरडली. हूं की चूं नाही. तिने काचेवर मुठी आपटल्या, टाच आपटली, हाताला रग लागली. रग तेवढी खरी होती.

नवरा खाली आला. गाडीच्या अगदी जवळून गेला. त्याने काचेत बघून केसांतून हात फिरवला आणि जिन्याकडे तोंड करून म्हणाला, "अगं, शटर उघडंच ठेवलंस!"

"विसरले रे," वरून उत्तर आलं. आवाज तिचा होता.

नवऱ्याने शटर ओढलं. अंधार झाला नाही, झडपेतून थोडा उजेड येत होता. तो वर गेला.

ती ओरडत राहिली.

बऱ्याच वेळाने काठी टेकत सासूबाई उतरल्या. गाडीच्या मागे येऊन थांबल्या. मान कलती करून त्यांनी कान लावला. आरशात तिला त्यांचे पांढरे केस दिसत होते.

"सूनबाई," त्यांनी वर हाक दिली, "इथे ये बरं. या नळीतून कुणीतरी रडल्यासारखं वाटतंय गं."

जिन्यावर पावलं वाजली. बेताची, शांत.

"वारा असेल हो आई. तुम्ही वर चला, पायऱ्या चढ-उतर करू नका. मी बघते."

सासूबाई बाजूला झाल्या. कापडाचा बोळा घेऊन कुणीतरी मागे खाली वाकलं. आरशात चेहरा आला नाही, फक्त हात आला: नखं मुळापासून कापलेली, रोज हातमोजे घालणाऱ्या हातासारखा पांढुरका, कोरडा. बोळा नळीत सावकाश, हळुवार सारताना तो हात क्षणभर थांबला, आणि आवाज म्हणाला,

"आता दुखणार नाही हं."