पानं तुमची, रस्ता माझा

जबलपूरच्या गोहलपुरात बकऱ्या मोकळ्या फिरतात हे मला ठाऊक होतं, पण त्या दसऱ्याचं सोनं खातात हे नव्हतं. चपलेचा अंगठा तुटला म्हणून पिशवी ओट्यावर ठेवून मी वाकले… वर बघते तर आपट्याची सगळी पानं बकरीच्या तोंडात!

समोर एक तरुण नुसता उभा. त्याच्याही पिशवीत आपट्याचीच पानं.

"आवाज काहून नाही दिला?" मी भडकले.

"ते… मराठीत बकरीला कसं हाकलतात, आठवलंच नाही."

"बकरीला मराठी येते काय?"

"जी… नाही."

हा देवीदास. वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून उन्हाळ्यात इटारसीहून आलेला. आईनं मराठी लोकांच्या घरी सोनं द्यायला पाठवलेलं, आणि हा एकाच गल्लीत घिरट्या घालत होता. माझ्या बाबांचा गुडघा धरला म्हणून यंदा मी निघाले होते. जायची घरं दोघांची बहुतेक तीच. मिरवणुकीपायी रिक्षाही बंद.

"पानं माझी, रस्ता तुमचा. चलेगा?" तो म्हणाला.

न चालून सांगते कोणाला! शेवटचं घर मदन महालला, बेबीआत्याचं. तिनं माझ्यासाठी अमरावतीचं स्थळ आणलं होतं, आणि आज सोन्यासोबत होकारही तिच्या हातावर ठेवायचा असं घरी ठरलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि घरच्यांपुढे मी मुखदुर्बळ, गप्प बसले होते.

पहिलं घर चंपाबाईंचं. त्यांना दिसतं कमी. आम्हाला पाहून त्या हरखल्याच.

"जोडीनं आले व माय! वाका, दोघं संगं वाका."

"लग्न नाही झालं आमचं!" आम्ही दोघंही ओरडलो.

"होते, होते," म्हणत त्यांनी करंज्या पुढे केल्या.

चेरीतालला विष्णुपंतांनी तर लग्नाला बोलावलं नाही म्हणून तोंडच फुगवलं. मी एकटीच नाही-नाही म्हणत राहिले. देवीदासचं तोंड चिवड्यानं भरलेलं होतं.

तो सगळीकडे थांबायचा. वेल्डिंगच्या ठिणग्यांपाशी, खोव्याच्या जलेबीपाशी, देवीच्या मांडवापाशी. लहान पोर दिसलं की त्याच्या हातात सोनं ठेवायचा. गर्दीत मी त्याची बाही धरली.

"गर्दी संपली," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"हो काय?" मी बाही सोडली… जरा सावकाश.

"आणि हे मंदिर आपण आताच पाहिलं ना?"

"जबलपुरातली मंदिरं सारखीच दिसतात."

खोटं बोलले. तो मला आवडला होता, आणि मदन महाल काही केल्या येऊ नये असं वाटत होतं.

पुढच्या घरी सत्यभामाकाकूंनी विचारलं, "नवीन जोडपं काय?" मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. आम्ही दोघंही मुकाट्यानं लाडू खाल्ले.

बाहेर येताच तो म्हणाला, "एक बात सांगू? बकरी मला दिसलीच नव्हती. मी… तुमच्याकडे बघून राहिलो होतो."

माझे कान तापले. "मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही बकरीवरच इतक्या चिडल्या होत्या!"

शेवटी आत्याचं दार आलंच. देवीदासनं पिशवीत हात घातला अन् त्याचा चेहरा उतरला. पोरांना वाटता वाटता एकच पान उरलं होतं.

"तुम्ही द्या," तो हळूच म्हणाला. "घर तुमचं आहे."

"विनता, हा कोण व?" आत्यानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "अन् अमरावतीचं काय ठरलं?"

मी पान घेतलं. त्याचं दुसरं टोक देवीदासच्या हातात दिलं.

"सोनं घे, आत्या. जोडीनं देतो."

आत्या पानाकडे बघे, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. शेवटी मटकन झोपाळ्यावर बसली.

"अग पोरी, मी त्या अमरावतीवाल्यांना काय सांगू?"

"सांग," मी म्हणाले, "होकार घेऊनच निघाली होती… गोहलपुरात बकरीनं खाल्ला."